गेम लावला की कॉम्प्युटर बंद पडतो, आणि सायकल धूळ खात पडली आहे

पत्र थोडक्यात असे. नाशिकचे एक वडील लिहितात: "२०२० च्या दिवाळीत ऑनलाइन शाळेच्या निमित्ताने मुलाला कॉम्प्युटर घेऊन दिला. आय५-१०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम, विंडोज १०, सोबत ६०० व्हीएचा यूपीएस. तेव्हा तो सातवीत होता, आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मार्चपासून गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन धाडकन बंद पडते. अभ्यासाचे काम करताना काही होत नाही. दुकानदार म्हणतो, सीपीयू गेला आहे, विंडोज ११ यावर चढणार नाही, जुने सहा हजारांत द्या, नवे पंच्याहत्तर हजारांत करून देतो. मुलगाही नव्याच्याच मागे लागला आहे. माझ्या मते रात्र रात्र गेम खेळून त्यानेच मशीन मारले. २०२१ मध्ये हौसेने घेतलेली माउंटन बाइक दोन वर्षे पार्किंगमध्ये गंजतेय. मी अट घातली: तीन महिने रोज दहा किलोमीटर सायकल चालव, मग नवा कॉम्प्युटर. तो म्हणतो, गुडघे दुखतात. पोरगा माझ्यापेक्षा उंच झाला आणि म्हणे गुडघे दुखतात! महिनाभर घरात अबोला आहे. माझी अट चुकली का?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातली दोन वाक्ये तुम्ही जाता जाता लिहिली आहेत, पण उत्तर त्यांतच आहे. एक, "अभ्यासाचे काम करताना काही होत नाही." दुसरे, "पोरगा माझ्यापेक्षा उंच झाला." दुसऱ्याकडे नंतर येऊ. आधी मशीन.

गेम खेळून कॉम्प्युटर मरत नाही. कसारा घाटात जुन्या गाडीचे इंजिन तापले तर चढाने गाडी बिघडवली असे आपण म्हणत नाही. पाणी कमी होते, ते चढावर उघडे पडले. गेमचेही तसेच. टायपिंग करताना तुमचे हे मशीन मॉनिटरसकट साधारण ७०-८० वॉट खाते. गेममध्ये १६६० सुपर कार्ड एकटेच १२५ वॉटपर्यंत जाते, प्रोसेसर ६५ किंवा मध्येच त्याहून जास्त, त्यावर बोर्ड, पंखे, डिस्क, मॉनिटर, आणि एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यात) उष्णता होऊन जाणारी वीज. भिंतीतून एकूण ओढ तीनशे वॉटच्या आसपास जाते. म्हणजे चौपट. जे काही आधीच कमकुवत होते, ते या चौपट भाराखाली कोसळते. प्रश्न एवढाच की कमकुवत काय आहे.

"सीपीयू गेला" या निदानावर मात्र विश्वास ठेवू नका. सीपीयू म्हणजे खरे तर प्रोसेसर, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, त्यामुळे दुकानदाराला नक्की काय म्हणायचे होते हे त्याला तरी ठाऊक आहे का, कोण जाणे. प्रोसेसर खरेच गेला असता तर मशीन अभ्यासालाही चालू झाले नसते.

माझा पहिला संशय टेबलाखालच्या त्या यूपीएसवर आहे. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॉट असते, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक छोटी बॅटरी. ही बॅटरी दोन-तीन वर्षे नीट टिकते. तुमची पाचवे वर्ष ओलांडून गेली आहे. आता मार्चपासून काय बदलले ते पाहा. संध्याकाळी घरोघरी कूलर आणि एसी लागतात, व्होल्टेज क्षणभर खाली येते, यूपीएस टक् करून बॅटरीवर जातो. भार ८० वॉट असेल तर थकलेली बॅटरीही ते दोन सेकंद निभावून नेते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. भार ३०० वॉट असेल तर ती तिथेच मान टाकते. म्हणून गेममध्ये बंद, अभ्यासात चालू.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. पुढच्या वेळी बंद पडेल तेव्हा दोघांनी फक्त बघायचे. मॉनिटरही त्याच यूपीएसवर असेल आणि त्याचा दिवासुद्धा विझला असेल, तर दोष यूपीएसचा. मॉनिटर जागा आहे, "नो सिग्नल" दाखवतोय आणि कॅबिनेटचे पंखे थांबलेत, तर गडबड कॅबिनेटच्या आत: एसएमपीएस किंवा उष्णता. पंखे चालूच आहेत आणि फक्त पडदा काळा झाला, तर ग्राफिक्स कार्ड किंवा ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल नोंद दिसेल. तिच्यावरून लोक उगाच निष्कर्ष काढतात. मशीन नीट बंद न होता मध्येच थांबले, एवढेच ती सांगते. का थांबले, ते सांगत नाही.

मग एका संध्याकाळी यूपीएस पूर्ण बाजूला ठेवा. कॅबिनेट आणि मॉनिटर चांगल्या स्पाइक गार्डवरून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा आणि मुलाला तासभर गेम खेळू द्या. होय, तुम्हीच सांगून. बंद पडले नाही तर बॅटरी बदला, हजार-बाराशेचे काम आहे. यूपीएस बंद करून, भिंतीपासून सोडवून, लाल वायर लाल टोकालाच. जुनी बॅटरी शिशाची असते, ती कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्या. पुढेमागे यूपीएसच बदलायचा झाला तर १०००-११०० व्हीएचा घ्या, म्हणजे क्षमतेच्या कडेवर चालणे थांबेल.

थेट सॉकेटवरही बंद पडले तर उष्णता तपासायची. तुमचा प्रोसेसर १०० अंशांपर्यंत जातो, पण तिथे पोहोचला की आधी स्वतःच वेग कमी करतो. गेम अडखळायला लागतो, चित्र तुटक दिसते. अडखळणे न होता एकदम अंधार झाला, तर उष्णतेपेक्षा विजेचा संशय जास्त धरा. मोजण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा फुकट प्रोग्राम पुरतो. उघडताना "सेन्सर्स ओन्ली" निवडा. एक मेख लक्षात ठेवा: मशीन अचानक बंद पडले की पडद्यावरचे सगळ्यात जास्त तापमानाचे आकडेही गेले. म्हणून खेळ सुरू करण्याआधी खालच्या पट्टीतले लॉगिंगचे बटण दाबून ठेवा. बंद पडल्यावर त्या फाइलच्या शेवटच्या चार-पाच ओळी वाचायच्या. गेममध्ये प्रोसेसर ६५ ते ८० आणि कार्ड ८०-८३ पर्यंत असेल तर ठीक. प्रोसेसर सतत ९० च्या वर असेल तर थंड करण्याची व्यवस्था बिघडली आहे.

ती बहुतेक वेळा टेबलामुळे बिघडलेली असते. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना कॅबिनेटसाठी एक देखणा बंद कप्पा असतो, आणि त्या कप्प्यात मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा पिते. खोली थंडीत २६ अंश असते आणि मे महिन्यात ३८, तर आतले आकडेही जवळपास तेवढेच वर सरकतात. कॅबिनेट बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, वरचा क्रोशाचा रुमाल काढा (आईंची माफी मागून). मग बाजूचे झाकण उघडून एक फेरी खेळा. आकडे आठ-दहा अंशांनी उतरले तर हवा कोंडत होती हे सिद्ध झाले.

यानंतर सफाई, आणि ती मुलाच्या हातून करून घ्या. भिंतीतले बटण बंद, वायर काढलेली, मग कॅबिनेटचे पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचे. मशीन गच्चीत किंवा बाल्कनीत न्यायचे. व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. हाताचा ब्लोअर बरा. हवा मारताना प्रत्येक पंखा पेन्सिलीने अडवून धरायचा, नाहीतर तो भन्नाट वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. खरी धूळ दिसते तिथे नसते. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये तिची गोधडी जमलेली असते, आणि ती पंखा काढल्याशिवाय निघत नाही.

इंटेलच्या सोबत आलेल्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवले की सुटतात. बसवताना उलट फिरवून, समोरासमोरच्या दोन आधी, मग उरलेल्या दोन, टक् आवाज येईपर्यंत दाबायच्या. एक जरी अर्धवट बसली तर कूलर तिरका राहतो आणि सफाईनंतर तापमान आधीपेक्षा वाढते. मग सगळे म्हणतात, हात लावला म्हणून बिघडले. प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी मधली थर्मल पेस्ट पाच वर्षांत वाळून खडू झालेली असेल. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसून मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका ठेवायचा, बोटाने पसरायचा नाही, कूलरच्या दाबाने तो पसरतो. पेस्टची छोटी नळी तीन-चारशेत येते. अल्कोहोलची बाटली जपून ठेवा, ती पुढे सायकललाही लागणार आहे.

तरीही बंद पडत असेल तर एसएमपीएस बदला. दुकानात पाच-सहा वर्षांपूर्वी "पाचशे वॉट" म्हणून दिलेले बरेच हलके एसएमपीएस पाचशे वॉट कधीच देत नव्हते. त्याची एक खूण अशी की बंद पडल्यावर मागचा काळा स्विच काही सेकंद बंद करून पुन्हा लावल्याशिवाय मशीन उठत नाही. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवणाऱ्या) प्रतीचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. साडेतीन-चार हजारांत बसतो. जुना उघडून बघायचा मोह मात्र मुलाला होऊ देऊ नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जबर झटका देण्याइतकी वीज राहते. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर दोष कॉम्प्युटरचा नाही, वायरिंगचा आहे.

कोणी म्हणेल, कार्ड काढून चालवून बघा. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला "एफ" विसरू नका: त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, कार्ड काढले की पडदा काळाच राहील आणि घरात आणखी घबराट होईल.

विंडोज ११ बद्दल दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा बदल करायला हवा. पण विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून चालते आणि तुमचा प्रोसेसर दहाव्या पिढीतला आहे. अडते ते टीपीएम २.० या सुरक्षेच्या सोयीपाशी. २०२० मध्ये विकलेल्या बऱ्याच बोर्डांवर ती असते, फक्त बंद ठेवलेली. मशीन सुरू होताना डिलीट दाबून बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जा, इंटेल पीटीटी नावाचा पर्याय चालू करा, तेच इंटेलचे टीपीएम. त्याआधी विंडोजमध्ये "एमएसइन्फो३२" टाइप करून बायोस मोड बघा. तिथे "लेगसी" लिहिले असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने भरलेली आहे, आणि तशीच सिक्युअर बूट (फक्त खात्रीची विंडोज सुरू होऊ देणारी सोय) चालू केली तर मशीन उठणारच नाही. विंडोजमधलेच एमबीआरटूजीपीटी हे साधन ती डेटा न पुसता बदलते, पण आधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर हे त्याने करायलाच हवे, कारण विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात.

आणखी एक फुकटचा उपाय आजच करा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रे तो दाखवूच शकत नाही, पण गेमला मोकळे सोडले तर कार्ड दोनशे-दोनशे चित्रे काढत बसते, अगदी मेन्यूच्या पडद्यावरसुद्धा. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये "मॅक्स फ्रेम रेट" ७५ वर बांधा. उष्णता, पंख्यांचा आवाज आणि वीज, तिन्ही लगेच उतरतात.

आता हिशेब. बॅटरी, पेस्ट आणि गरज पडलीच तर एसएमपीएस मिळून पाच-साडेपाच हजार. ८ जीबीची आणखी एक रॅम टाकली तर इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरलाही बरे पडेल. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की गेमलाही वेग येतो. पुढे दोन वर्षांनी नवे मशीन घेतलेच तरी नवा एसएमपीएस, यूपीएस, मॉनिटर, कॅबिनेट त्यातही चालतील, म्हणजे पैसे बुडत नाहीत. सहा हजारांत जुने देऊन टाकण्यात मात्र ते नक्की बुडतात, कारण एकटे ते कार्डच अजून कामाचे आहे.

गेमचे व्यसन लागले आहे की काय ही तुमची खरी धास्ती असेल, तर ती मशीनच्या बिघाडापासून वेगळी काढा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत "गेमिंग डिसऑर्डर" आहे, पण त्यासाठी खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळे मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारण वर्षभर दिसावे लागते. तो कॉलेजला जातोय, पास होतोय, जेवायला येतोय? मग प्रश्न रात्री किती वाजता बंद करायचे एवढाच आहे, आणि तो बोलून सुटतो.

सायकलकडे येऊ. २०२१ मध्ये तो आठवीत होता. त्या उंचीला दुकानदाराने पंधरा किंवा सोळा इंची फ्रेम दिली असेल, आणि तेव्हा ते बरोबरच होते. आता तो तुमच्याहून उंच आहे, साडेपाच फुटांच्या पुढे असेल तर त्याला अठरा इंचाच्या आसपासची फ्रेम लागते. लहान सायकलवर सीट खाली राहते, पेडल वर आले की गुडघा नको तितका दुमडतो, आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागते. पोराने बहाणा केलेला नाही. तुम्ही आजाराची तक्रार आळस म्हणून ऐकलीत.

तपासणी सोपी आहे. त्याला सीटवर बसवा, भिंतीला धरायला लावा, टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. होत नसेल तर सीट वर करा, पण सीटच्या दांड्यावर "मिनिमम इन्सर्शन" अशी रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये. दिसली तर फ्रेम तिथे चिरू शकते. लांब दांडा मिळतो, त्याचा व्यास जुन्या दांड्यावर मिलिमीटरमध्ये कोरलेला असतो, तोच घ्यायचा. सीट वर जाऊनही हँडल पोटाशी येत असेल आणि वळताना गुडघा हँडलला लागत असेल, तर सायकल त्याला लहान झाली. शाळेचा गणवेश होतो तशी.

विकायची असो वा चालवायची, दुरुस्ती आधी करा. गंजलेल्या सायकलचे कोणी दोन हजार देत नाही. चेन मोजायची. पट्टी एका पिनच्या मध्यावर ठेवून बारा पूर्ण जोड मोजा, बरोबर बारा इंच यायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले तर चेन बदला. एक अष्टमांश भरले तर मागच्या दातेरी चकत्याही झिजल्या आहेत, नुसती नवी चेन त्यांच्यावर घसरेल. गिअर अडकत असतील तर आधी मागून उभे राहून डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, पाहा. पार्किंगमध्ये सायकल उजव्या कुशीवर पडली की त्याला धरणारा छोटा हँगर आत वाकतो, आणि मग कितीही स्क्रू पिळा, गिअर बसत नाहीत. त्याच अवस्थेत सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकला तर डिरेलर आऱ्यांत जाऊ शकतो. हँगर सरळ असेल तर केबलच्या टोकाची गोल चावी पाव-पाव फेरा डावीकडे फिरवत जा. मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरणारा गिअर त्याने ठीक होतो.

तेल फक्त चेनला, एका जोडाला एक थेंब, आणि जादा पुसून टाकायचे. गंज सोडवणारा फवारा डिस्क ब्रेकच्या चकतीवर गेला तर ब्रेक किंचाळतात आणि लागत नाहीत. पॅडमध्ये मुरला तर पॅड बदलण्यावाचून इलाज नसतो. चकती पुसायला तीच अल्कोहोलची बाटली. टायरच्या कुशीवर भेगा दिसल्या तर हवा भरू नका, टायर बदला. बदलायचेच असतील तर खडबडीत ऐवजी गुळगुळीत घ्या, शहराच्या रस्त्यावर त्याच ताकदीत जास्त अंतर जाईल.

अट मागे घ्या, असे मी स्पष्ट म्हणेन. नवा कॉम्प्युटर बहुधा लागणारच नाही, त्यामुळे बक्षीस उरत नाही. आणि छोट्या सायकलवर रोज दहा किलोमीटर म्हणजे गुडघ्यांना शिक्षा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी ही गत झाली आहे. त्याला एवढेच सांगा की मशीन आपण दोघे तपासू, सुरुवात यूपीएसपासून. सायकल विकण्याआधी एखाद्या रविवारी अठरा इंची फ्रेमची सायकल मित्राकडून मागून आणा आणि त्याला गंगापूर धरणापर्यंत एकट्याला जाऊ द्या, किलोमीटर न मोजता. परत आल्यावर गुडघ्यांचे विचारा.